किशोरवयीनांमधील आत्मघाती विचार : जोखीम घटक व संरक्षक घटक

किशोरवयीनांमधील आत्मघाती विचार म्हणजे साधारणपणे १० ते १९ या वयोगटातील मुलामुलींच्या मनात स्वतःचे जीवन संपवण्याविषयी येणारे विचार. अशा विचारांची शक्यता वाढवणाऱ्या परिस्थितींना किंवा अनुभवांना 'जोखीम घटक' म्हणतात. ती शक्यता कमी करणाऱ्या किंवा संकटाच्या काळात मुलाला तग धरण्यास साहाय्य करणाऱ्या बाबींना 'संरक्षक घटक' म्हणतात. या घटकांचा अभ्यास मानसशास्त्र, मनोविकारशास्त्र, सार्वजनिक आरोग्य व समाजशास्त्र या शाखांत केला जातो. प्रस्तुत लेखात या घटकांचा सर्वसाधारण परिचय असून महाराष्ट्रातील ग्रामीण व आदिवासी भाग, विशेषतः ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड तालुके, यांच्या संदर्भात त्यांचे विवेचन केले आहे.

संकल्पना

आत्मघाती विचारांचे स्वरूप एकसारखे नसते. 'आपण नसतो तर बरे झाले असते' किंवा 'झोपेतून उठूच नये' अशा इच्छेला निष्क्रिय विचार म्हणतात. जीवन संपवण्याचा प्रत्यक्ष विचार मनात येणे हा सक्रिय विचार होय. त्यापुढे योजना आखणे, तयारी करणे व प्रत्यक्ष प्रयत्न करणे हे टप्पे येतात. विचार मनात येणारी बहुसंख्य मुले प्रयत्नापर्यंत पोहोचत नाहीत. मात्र पौगंडावस्थेत भावनांची तीव्रता अधिक व आवेग आवरण्याची क्षमता अपुरी असल्यामुळे एका टप्प्यातून दुसऱ्या टप्प्यात जाण्यास काही वेळा फार थोडा अवधी लागतो. म्हणून निष्क्रिय वाटणारा विचारही गांभीर्याने घेणे आवश्यक मानले जाते.

जोखीम घटक हे कारण नव्हे. एखादा घटक उपस्थित असलेल्या गटात आत्मघाती विचारांचे प्रमाण अधिक आढळते, एवढाच त्याचा अर्थ असतो. कोणत्याही एका घटकावरून एखाद्या विशिष्ट मुलाविषयी भाकीत करता येत नाही. बहुतेक प्रसंगी दीर्घकाळ साचलेले ताण, एखादी तात्कालिक घटना आणि त्या क्षणी जवळ आधार नसणे या तिन्ही गोष्टी एकत्र येतात. परीक्षेतील अपयश किंवा घरातील भांडण ही अनेकदा शेवटची घटना असते; तिच्यामागे वर्षानुवर्षांची पार्श्वभूमी असू शकते.

संरक्षक घटक म्हणजे केवळ जोखमीचा अभाव नव्हे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांनी हवाई बेटांपैकी काउई येथे १९५५ साली जन्मलेल्या मुलांचा अनेक दशके पाठपुरावा केला. दारिद्र्य, कौटुंबिक कलह व पालकांचे आजार अशा अनेक प्रतिकूलतांत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले पुढे सक्षम प्रौढ झाल्याचे त्यांना आढळले. या मुलांच्या आयुष्यात निदान एक भरवशाची, आस्थेने लक्ष देणारी प्रौढ व्यक्ती होती, ही बाब या अभ्यासातून ठळकपणे पुढे आली. ती व्यक्ती आई किंवा वडीलच असली पाहिजे असे नव्हते. आजी, शेजारी किंवा शिक्षकही ती भूमिका पार पाडत असत.

व्याप्ती

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी ७ लाख २० हजारांहून अधिक व्यक्तींचा मृत्यू आत्महत्येमुळे होतो. १५ ते २९ या वयोगटात आत्महत्या हे मृत्यूच्या प्रमुख कारणांपैकी एक असून २०२१ साली ते तिसऱ्या क्रमांकावर होते.

भारतात राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभाग याविषयीची वार्षिक आकडेवारी प्रसिद्ध करतो. २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यांपैकी २२,७४६ नोंदी महाराष्ट्रातील असून ही संख्या सर्व राज्यांत सर्वाधिक होती. त्याच वर्षी देशातील १३,०४४ मृत व्यक्ती विद्यार्थी होत्या. २०२१ साली १८ वर्षांखालील १०,७३२ मुलामुलींच्या मृत्यूची नोंद झाली. त्यांपैकी ८६४ प्रकरणांत परीक्षेतील अपयश हे कारण नमूद होते. म्हणजेच सार्वजनिक चर्चेत परीक्षेला जेवढे स्थान मिळते, त्या मानाने नोंदींतील तिचा वाटा सुमारे ८ टक्के इतकाच आहे. कौटुंबिक समस्या या शीर्षकाखालील नोंदी त्याहून कितीतरी अधिक होत्या.

ही आकडेवारी पोलिसांच्या नोंदींवर आधारित असल्याने तिला मर्यादा आहेत. लोकलज्जा व कायदेशीर चौकशीची भीती यांमुळे अनेक मृत्यू अपघात म्हणून नोंदवले जातात. शिवाय प्रत्येक मृत्यूसमोर एकच कारण लिहिले जात असल्याने घटकांची गुंतागुंत त्यात दिसत नाही. विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी २०१२ साली 'द लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २०१० सालासाठी सुमारे १ लाख ८७ हजार मृत्यूंचा अंदाज मांडला होता. त्या वर्षीचा शासकीय आकडा सुमारे १ लाख ३५ हजार होता. याच अभ्यासानुसार १५ वर्षांवरील स्त्रियांच्या आत्महत्यांपैकी ५६ टक्के व पुरुषांच्या आत्महत्यांपैकी ४० टक्के १५ ते २९ या वयोगटातील होत्या.

सैद्धांतिक मांडणी

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुरखीम यांनी १८९७ साली आत्महत्येचा संबंध व्यक्तीच्या समाजाशी असलेल्या बांधिलकीशी जोडला. समाजाशी नाते तुटणे किंवा सामाजिक नियमांची घडी अकस्मात विस्कटणे यांमुळे आत्महत्यांचे प्रमाण वाढते, अशी त्यांची मांडणी होती.

थॉमस जॉइनर यांनी २००५ साली मांडलेल्या आंतरवैयक्तिक सिद्धान्तानुसार दोन जाणिवा एकत्र आल्यास मृत्यूची इच्छा निर्माण होते : आपण कोणाचेच नाही ही एकाकीपणाची जाणीव, आणि आपण इतरांवर ओझे आहोत ही जाणीव. गरीब कुटुंबातील मुलांच्या बाबतीत यांतील दुसरी जाणीव महत्त्वाची ठरते. शिक्षणाचा खर्च, आईवडिलांचे कष्ट किंवा बहिणीच्या लग्नाचे कर्ज यांविषयी घरात सतत ऐकणारे मूल स्वतःकडे 'भार' म्हणून पाहू लागण्याची शक्यता असते. विचाराकडून प्रयत्नाकडे जाण्यासाठी मात्र वेगळे घटक कारणीभूत होतात, असे हा सिद्धान्त सांगतो. त्यामुळे विचार कमी करणे आणि विचार कृतीत उतरू न देणे ही प्रतिबंधाची दोन स्वतंत्र उद्दिष्टे मानली जातात.

शहापूर व मुरबाड तालुक्यांची पार्श्वभूमी

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा स्वतंत्र झाल्यानंतर ठाणे जिल्ह्यातील आदिवासी लोकसंख्या मुख्यतः शहापूर व मुरबाड या सह्याद्रीलगतच्या तालुक्यांत एकवटली आहे. येथे ठाकूर, कातकरी, महादेव कोळी व वारली हे प्रमुख आदिवासी समाज असून कुणबी व आगरी समाजांचीही वस्ती आहे. कातकरी समाजाचा समावेश केंद्र शासनाने विशेष असुरक्षित आदिवासी गटांत केला आहे. महाराष्ट्रात कोलाम व माडिया गोंड हे या वर्गातील अन्य दोन समाज आहेत. शहापूर येथे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय असून परिसरातील शासकीय व अनुदानित आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाच्या देखरेखीखाली चालतात.

मुंबई महानगराला पाणी पुरवणारे भातसा व तानसा हे जलाशय शहापूर तालुक्यात आहेत. तरीही उन्हाळ्यात तालुक्यातील अनेक पाड्यांना टँकरच्या पाण्यावर अवलंबून राहावे लागते. मध्य रेल्वेचा मार्ग शहापूर तालुक्यातून जातो. मुरबाड तालुका मात्र रस्तेवाहतुकीवरच अवलंबून आहे. पावसाळ्यातील भातशेती संपल्यावर अनेक भूमिहीन कुटुंबे, विशेषतः कातकरी कुटुंबे, वीटभट्ट्यांवर कामाला जातात व पावसाळ्याच्या तोंडावर परततात. मुरबाड तालुक्यातील म्हसा या गावी पौष पौर्णिमेला म्हसोबाची जत्रा भरते. ही जत्रा गुरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध असून ती भरते त्या सुमारास वीटभट्ट्यांचा हंगाम ऐन भरात असतो. अशा हंगामात पालक भट्टीवर, मोठी मुले आश्रमशाळेत व वृद्ध पाड्यावर अशी कुटुंबाची विभागणी झालेली दिसते.

कोणत्याही समाजात जन्म घेणे हा स्वतःहून जोखीम घटक नसतो. दारिद्र्य, विस्थापन, भेदभाव व सेवांपासूनचे अंतर या परिस्थितींमुळे जोखीम निर्माण होते. हा फरक लक्षात न घेतल्यास एखाद्या समाजावरच 'दुर्बल मनाचा' असा शिक्का बसण्याचा धोका असतो आणि असा शिक्का हाच पुढे नवा ताण ठरतो.

जोखीम घटक

मानसिक आरोग्य : नैराश्य, चिंताविकार, व्यसन व पूर्वी केलेला प्रयत्न हे सर्वांत ठळक घटक आहेत. किशोरवयातील नैराश्य दरवेळी उदासपणाच्या रूपात दिसत नाही. चिडचिड, अभ्यासातून लक्ष उडणे, डोकेदुखी वा पोटदुखी, झोप बिघडणे या रूपांतही ते प्रकट होते. ग्रामीण भागात अशा तक्रारींवर शारीरिक आजार म्हणून उपचार होतात, किंवा 'बाहेरची बाधा' समजून भगताकडे नेले जाते व मूळ दुःख अनुत्तरित राहते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटात मानसिक विकारांचे प्रमाण ७.३ टक्के आढळले होते.

हिंसा व अत्याचार : गोव्यातील ग्रामीण व शहरी भागांत १६ ते २४ वयोगटातील ३,६६२ युवक-युवतींचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ३.९ टक्के जणांनी मागील तीन महिन्यांत आत्मघाती वर्तन घडल्याचे सांगितले. घरातील मारहाण, लैंगिक अत्याचाराचा अनुभव, मानसिक अस्वास्थ्य व शिक्षण सुटलेले असणे यांचा या वर्तनाशी संबंध आढळला. युवतींमध्ये हे प्रमाण युवकांपेक्षा बरेच अधिक होते. हिंसा आणि मानसिक अस्वास्थ्य हे दोन्ही घटक परस्परांपासून स्वतंत्रपणे परिणाम करतात, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला.

लिंगभाव व बालविवाह : मुलींच्या बाबतीत हालचालींवरील बंधने, शिक्षण अर्धवट सुटणे, इच्छेविरुद्ध ठरवलेले लग्न व प्रेमसंबंधांना होणारा विरोध हे ताण एकत्र येतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांचा विवाह १८ वर्षांपूर्वी झाल्याचे आढळले. मुलांच्या बाबतीत 'रडणे शोभत नाही' ही शिकवण मदत मागण्याच्या आड येते; त्यांचे दुःख रागाच्या किंवा व्यसनाच्या रूपात व्यक्त होण्याची शक्यता अधिक असते.

पालकांचे व्यसन व कौटुंबिक कलह : दारूचे व्यसन असलेल्या घरात मूल दोन भूमिकांत अडकते. ते मार खाते आणि आईचे व धाकट्या भावंडांचे रक्षणही करू पाहते. घरात पूर्वी कोणी आत्महत्या केली असल्यास जोखीम वाढते, कारण दुःखाबरोबरच त्या घटनेविषयीचे मौनही मुलाच्या वाट्याला येते.

शाळा व वसतिगृह : आश्रमशाळेत मूल वयाच्या सहाव्या-सातव्या वर्षापासून घरापासून दूर राहते. घरची आठवण, गर्दीचे निवास, मोठ्या मुलांकडून होणारा छळ व एकांताचा अभाव हे निवासी शाळांतील सर्वत्र आढळणारे ताण आहेत. घरात ठाकरी, कातकरी किंवा वारली बोली बोलणाऱ्या मुलाला पाठ्यपुस्तकातील प्रमाण मराठी परकी वाटू शकते. बोलीवरून होणारी थट्टा मुलाला गप्प करते, आणि गप्प राहणारे मूल वर्गात 'शांत व शहाणे' समजले जाते. दहावी-बारावीचा निकाल हा आणखी एक नाजूक काळ असतो. कुटुंबात प्रथमच शिकणाऱ्या मुलावर संपूर्ण घराच्या आशा केंद्रित झालेल्या असतात व नापास झाल्यावर पुढे काय, हे सांगणारे घरात कोणी नसते.

स्थलांतर व आर्थिक असुरक्षितता : वीटभट्टीचे मालक हंगामापूर्वी उचल देतात व ती फेडण्यासाठी कुटुंब बांधले जाते. मुलाला सोबत नेल्यास शाळा सुटते. मागे ठेवल्यास पालकांचा सहवास सुटतो. दोन्ही पर्यायांत मुलाच्या आयुष्यातील सातत्य खंडित होते.

प्रसारमाध्यमे व समाजमाध्यमे : आत्महत्येचे सनसनाटी किंवा तपशीलवार वार्तांकन झाल्यास असुरक्षित तरुणांमध्ये अनुकरणाचा धोका वाढतो. मोबाइलवरून होणारी बदनामी, छायाचित्रांच्या आधारे दिलेल्या धमक्या व ऑनलाइन कर्जवसुलीचा छळ हे अलीकडील ताण होत.

संरक्षक घटक

कुटुंबाशी जवळीक : आपले म्हणणे घरात ऐकले जाते ही खात्री सर्वाधिक संरक्षण देणाऱ्या घटकांपैकी एक आहे. येथे सहवासाच्या कालावधीपेक्षा विश्वास महत्त्वाचा असतो. कामानिमित्त दूर असलेल्या पालकांचा ठरावीक वारी येणारा फोनही मुलाला आधार देतो.

शाळेशी जोडलेपण : शिक्षकांना आपली पर्वा आहे असे वाटणाऱ्या विद्यार्थ्यांत आत्मघाती विचारांचे प्रमाण कमी आढळते. निवासी शाळेत मुख्याध्यापक, अधीक्षक, अधीक्षिका व स्वयंपाकी हेच मुलांचे दैनंदिन पालक असतात. मूल नीट जेवत नाही, रात्री झोपत नाही किंवा एकटे बसते, हे त्यांनाच प्रथम दिसते. सुटीनंतर मूल शाळेत उशिरा परतले किंवा परतलेच नाही, तर त्याची चौकशी करणे हेही संरक्षणाचेच एक रूप आहे.

समवयस्कांची मैत्री : मुले आपले दुःख बहुधा प्रथम मित्राला सांगतात. मित्राने ते गुपित ठेवण्याऐवजी विश्वासू प्रौढ व्यक्तीपर्यंत पोहोचवावे, हे शिकवता येते.

सांस्कृतिक ओळख व सामूहिक जीवन : तारपा व ढोलनाच, कांबडनृत्य, सामूहिक लावणी, देवाच्या जत्रा व नातेवाइकांचे दाट जाळे यांतून 'आपण कोणाचे तरी आहोत' ही भावना बळावते. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात मायकेल चँडलर व ख्रिस्तोफर लालोंद यांनी केलेल्या अभ्यासात, ज्या मूलनिवासी समुदायांनी स्वतःचे प्रशासन, शिक्षण व सांस्कृतिक जीवन आपल्या हाती राखले होते त्यांत तरुणांच्या आत्महत्या अत्यल्प होत्या. हे नियंत्रण गमावलेल्या समुदायांत त्या कितीतरी अधिक होत्या.

भविष्याविषयी आशा : पुरवणी परीक्षा, अकरावीच्या प्रवेशासाठीची एटीकेटी सवलत, औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील अभ्यासक्रम व शिष्यवृत्ती यांची माहिती निकालापूर्वीच मिळाल्यास अपयश हा शेवट वाटत नाही.

घातक साधनांपासून अंतर : आत्मघाती आवेग अनेकदा अल्पकाळ टिकतो. त्या काळात घातक साधन हाती न लागल्यास जीव वाचतो आणि वाचलेल्यांपैकी बहुतेक जण पुन्हा तो मार्ग धरत नाहीत. म्हणून शेतीची रसायने व औषधे कुलपात ठेवणे हा शेतकरी कुटुंबासाठी साधा व परिणामकारक उपाय मानला जातो. श्रीलंकेत अतिघातक कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणल्यानंतर देशाचा एकूण आत्महत्या दर मोठ्या प्रमाणात घटला.

अन्य समाजांतील अभ्यासांशी तुलना

अमेरिकेतील लॅटिन अमेरिकी वंशाच्या किशोरवयीनांवर या विषयात विपुल संशोधन झाले आहे. लुईस सायास यांनी या समाजातील मुलींच्या प्रयत्नांचा दीर्घ अभ्यास केला. स्थलांतरित आईवडील जुन्या मूल्यांना धरून राहतात, तर मुली शाळेतून नवी भाषा व नव्या चालीरीती आत्मसात करतात. यातून निर्माण होणारा मायलेकींमधील संघर्ष त्यांनी महत्त्वाचा मानला. त्याच वेळी कुटुंबाविषयीची घट्ट निष्ठा ही या समाजाची मोठी संरक्षक शक्ती असल्याचेही आढळते. अर्थात कुटुंबनिष्ठा दुधारी आहे : कुटुंब समजून घेते तेव्हा ती तारते, कुटुंबाला आपण निराश केले असे वाटते तेव्हा तीच अपराधभाव वाढवते.

ग्रामीण ठाणे जिल्ह्यातील परिस्थितीशी याचे साम्य दिसते. येथे देशांतर नसले तरी पाड्यापासून आश्रमशाळेपर्यंतचा व तेथून कल्याण-ठाण्यातील महाविद्यालयापर्यंतचा प्रवास हा भाषा, वेश व अपेक्षा बदलणारा असतो. शिकलेली मुलगी घरी परतते तेव्हा लग्न, पेहराव व मोबाइल यांवरून होणारे वाद याच प्रकारचे असतात. फरक असा, की येथील आदिवासी समाज स्थलांतरित नसून या भूमीचे जुने रहिवासी आहेत आणि त्यांच्या दुःखात जमीन व जंगल गमावल्याचा इतिहास मिसळलेला आहे.

धोक्याची चिन्हे व प्रतिसाद

मरणाविषयी किंवा 'निघून जाण्याविषयी' बोलणे, आवडत्या वस्तू वाटून टाकणे, निरोप घेतल्यासारखे वागणे, एकाकी राहणे, अचानक व्यसन वाढणे, दीर्घ अस्वस्थतेनंतर एकाएकी शांत होणे ही सर्वसाधारण चिन्हे आहेत.

अशा वेळी मुलाशी एकांतात, घाई न करता बोलावे. 'तुला जगू नये असे वाटते का? मरणाचे विचार मनात येतात का?' असे स्पष्ट विचारावे. विचारल्यामुळे असे विचार मनात रुजतात हा समज चुकीचा आहे. न्यूयॉर्क राज्यातील २,३४२ शालेय विद्यार्थ्यांवर २००५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, असे प्रश्न विचारल्याने अस्वस्थता किंवा आत्मघाती विचार वाढल्याचे आढळले नाही. आधीच दुःखात असलेल्या विद्यार्थ्यांना उलट त्याने किंचित दिलासा मिळाल्याचे दिसले.

उत्तर ऐकताना उपदेश, दरडावणी, तुलना किंवा 'आईवडिलांचा तरी विचार कर' असे म्हणणे टाळावे. ओझे असल्याच्या जाणिवेत त्याने भरच पडते. 'तू हे सांगितलेस हे चांगले केलेस' एवढे वाक्यही पुष्कळ असते. गुप्ततेचे संपूर्ण वचन देऊ नये. ज्यांना सांगावे लागेल त्यांची नावे मुलाला आधीच सांगावीत. योजना ठरलेली असल्यास मुलाला एकटे सोडू नये, घातक वस्तू दूर कराव्यात व विनाविलंब वैद्यकीय मदत घ्यावी. प्रयत्नानंतर वाचलेल्या मुलाला पुढील काही आठवडे व महिने नियमित भेटणे आवश्यक असते, कारण या काळात जोखीम अधिक असते. घरात किंवा शाळेत त्या घटनेवरून टोमणे मारले जाणार नाहीत याची दक्षता घ्यावी.

प्रतिबंधात्मक कार्यक्रम

शालेय कार्यक्रम : युरोपातील दहा देशांच्या १६८ शाळांतील ११,११० विद्यार्थ्यांवर झालेल्या चाचणीत (२०१५), विद्यार्थ्यांना भूमिकाभिनय व चर्चेद्वारे मानसिक आरोग्याविषयी सजग करणाऱ्या कार्यक्रमामुळे एका वर्षानंतर नव्या प्रयत्नांचे व तीव्र आत्मघाती विचारांचे प्रमाण घटल्याचे आढळले. बिहारमधील नालंदा जिल्ह्यात ७४ माध्यमिक शाळांत झालेल्या 'सेहर' चाचणीत, थोडे प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक समुपदेशकांनी राबवलेल्या उपक्रमामुळे शाळेचे वातावरण सुधारले, दमदाटी कमी झाली व नैराश्याची लक्षणे घटली. हाच उपक्रम शिक्षकांकडे सोपवला असता असा परिणाम दिसला नाही. अध्यापनाच्या भाराखाली असलेल्या शिक्षकांवर आणखी एक जबाबदारी टाकण्याऐवजी स्वतंत्र व्यक्ती नेमणे उपयुक्त ठरते, असे त्यावरून दिसते.

समुदायाधारित कार्यक्रम : पुण्यातील इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राने नाशिक जिल्ह्यातील ४१ गावांत 'आत्मीयता' हा उपक्रम प्रायोगिक स्वरूपात राबवला. त्यात गावातीलच स्वयंसेवक दुःखी व्यक्ती ओळखून त्यांना ऐकून घेतात व गरजेनुसार शासकीय योजना व आरोग्यसेवांशी जोडून देतात. विदर्भात ३० गावांत राबवलेल्या 'विश्राम' प्रकल्पात नैराश्यग्रस्त व्यक्तींपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. हे दोन्ही उपक्रम प्रामुख्याने प्रौढांसाठी असले, तरी मनोविकारतज्ज्ञ नसलेल्या खेड्यातही मदतीची पहिली पायरी उभारता येते हे त्यांनी दाखवले.

शासकीय सेवा : जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून टप्प्याटप्प्याने राबवला जात आहे. २०१४ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत महाराष्ट्रातील शासकीय रुग्णालयांत 'मैत्री क्लिनिक' या नावाने किशोरवयीनांसाठी समुपदेशन केंद्रे चालतात. ठाणे येथील प्रादेशिक मनोरुग्णालय हे राज्यातील अशा चार रुग्णालयांपैकी एक आहे. पाड्यापासून तालुक्याच्या ठिकाणापर्यंतचा प्रवास, बुडणारी मजुरी व 'वेड्यांच्या दवाखान्यात' गेल्याची चर्चा होण्याची भीती यांमुळे अशा सेवांचा लाभ घेण्यात अडथळे येतात. म्हणून आशा कार्यकर्त्या, अंगणवाडी सेविका व आश्रमशाळांतील कर्मचारी यांचे प्रशिक्षण महत्त्वाचे मानले जाते. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्र शासनाने राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंध धोरण जाहीर केले. २०३० पर्यंत आत्महत्यांमुळे होणारे मृत्यू १० टक्क्यांनी कमी करणे हे त्याचे उद्दिष्ट आहे.

कायदेशीर स्थिती

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा २९ मे २०१८ पासून अमलात आला. त्याच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती, अन्यथा सिद्ध न झाल्यास, तीव्र मानसिक ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते व तिला शिक्षा करता येत नाही. अशा व्यक्तीला उपचार व पुनर्वसन पुरवणे हे शासनाचे कर्तव्य ठरते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, जुन्या भारतीय दंड संहितेतील कलम ३०९ प्रमाणे आत्महत्येच्या प्रयत्नाला सरसकट गुन्हा ठरवणारी तरतूद नाही. त्यामुळे पोलिसी कारवाईच्या भीतीने मुलाला रुग्णालयात नेण्यास विलंब करण्याचे कारण उरलेले नाही. लैंगिक अत्याचार हे दुःखाचे मूळ असल्यास बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण अधिनियम, २०१२ लागू होतो. बालविवाहाच्या संदर्भात बालविवाह प्रतिबंध अधिनियम, २००६ लागू होतो.

भाषा व वार्तांकन

आत्महत्येविषयी लिहिताना पद्धतीचा व स्थळाचा तपशील देणे, एकच कारण ठामपणे सांगणे, मृत्यूचे उदात्तीकरण करणे आणि प्रयत्नाला 'यशस्वी' वा 'अयशस्वी' म्हणणे टाळावे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. संकटातून सावरलेल्या व्यक्तींच्या कथा प्रसिद्ध झाल्यास त्यांचा संरक्षक परिणाम होऊ शकतो, असे ऑस्ट्रियातील २०१० च्या संशोधनात आढळले. मोत्सार्टच्या संगीतिकेतील एका पात्राच्या नावावरून या परिणामाला 'पापागेनो परिणाम' म्हटले जाते.

मदतीसाठी उपलब्ध सेवा

केंद्र शासनाची 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर ती चोवीस तास व विनामूल्य उपलब्ध असून मराठीतूनही बोलता येते. संकटातील बालकांसाठी १०९८ हा विनामूल्य क्रमांक आहे. तातडीच्या प्रसंगी ११२ या क्रमांकावर संपर्क साधता येतो. वैद्यकीय आणीबाणीत महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावता येते. हे क्रमांक संकटातील मुलाप्रमाणेच त्याची काळजी वाटणारे मित्र, पालक व शिक्षक यांनाही वापरता येतात.

हे सुद्धा पहा

नैराश्य
पौगंडावस्था
आश्रमशाळा
मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७
जागतिक आत्महत्या प्रतिबंध दिन
कातकरी
मुरबाड तालुका
शहापूर तालुका